दोन निळे पंप

माएंग मालकांचं डोकं धंद्यात तल्लख, पण शकुन-अपशकुनाची गोष्ट निघाली की ते थेट गहाण पडायचं. इंचॉनमधल्या त्यांच्या कारखान्यात शेतीचा पहिला पाण्याचा पंप तयार झाला, तेव्हा चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिकडच्या रिवाजाप्रमाणे रीतसर पूजा मांडली. डुकराचं शिजवलेलं डोकं, तांदळाची दारू, सगळ्यांचे दंडवत. शेजारीच तो जपानी पंप होता, ज्याला समोर ठेवून यांनी आपला घडवला. तो दिसायला झकास, आपला गबाळा. देव पाहुण्यावरच भाळेल या धास्तीने मालकांनी दोघांच्या पाट्या काढल्या आणि दोघांना एकच निळा रंग इतका जाड फासला की कोणता कोणाचा ते कारखान्यातल्यांनाही ओळखता येईना.

दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस योम आले. पंप पास झाला तर परदेशी पंपांची आयात बंद, आणि सगळा बाजार यांचा. नापास झाला तर कारखान्याला कुलूप. एक पंप ठणठणीत चालला, दुसरा टपटप गळू लागला.

"यातला तुमचा कोणता?" योमनी विचारलं.

मालकांनी इंजिनियर प्योकडे पाहिलं, प्योने जोडणी बघणाऱ्या ओ आडनावाच्या काकूंकडे, आणि काकूंनी छताकडे.

"न गळणारा," मालक म्हणाले.

"अर्थात. गळणाऱ्याला आपलं कोण म्हणतंय?" योम म्हणाले.

"देवाला फसवायला गेलात ना मालक, भोगा आता," काकू पुटपुटल्या.

खरं सांगायचं तर गळणारा आपलाच, असं प्योलाही वाटत होतं. त्याने चांगला पंप उघडला. आत भिंतींना आधार देणाऱ्या जाडजूड फासळ्या दिसल्या. इथलं ओतीव लोखंड तडकायचं, म्हणून त्यानेच त्या जाड करून घेतल्या होत्या, आणि त्यापायी भट्टीवाल्यांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. एवढ्या बेढब फासळ्या जपानी माणूस मेला तरी करणार नाही.

"हा आमचा!" तो ओरडलाच.

योमनी वाकून पाहिलं, दुसराही उघडायला लावला आणि मान डोलावली. "मग तो जपानी का गळतोय?"

"आम्हीच खिळखिळा केला, साहेब," प्यो म्हणाला. "समजेना की खोल, जमेना की खोल. आमची शिकवणी घेता घेता झिजला बिचारा."

"मग आता भंगारात?"

"छे!" प्योने आपल्या कारखान्यातलं नवं रबरी कडं आणलं आणि जपानी पंपात बसवलं. चपखल बसलं. पंप सुरू केला. एक थेंब गळेना. योम खाली वाकून बघत म्हणाले, "पंप छान आहे हो. पण तुमचा पास झाला, त्यामुळे असा पंप आता देशात येणार नाही."

दोन वर्षं ज्याच्यापुढे प्यो मान खाली घालून शिकला, त्याला आज त्याने स्वतःच्या हाताने बरं केलं होतं. आनंदाच्या भरात त्याने चक्क मालकांनाच कडकडून मिठी मारली.