दात कोरायची काडी

हैदराबादहून आलेल्या जुन्या चिजांच्या व्यापाऱ्यानं काठी उन्हात धरली, तिच्या तोंडाशी असलेल्या पितळी नळीत करंगळी घातली आणि विचारलं, "अम्मा, इसका दुसरा टुकडा?"

सिंधूबाईच्या कपाळाला आठी पडली. दुसरा तुकडा समोरच्याच घरात होता, जावेच्या. आणि त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिनं बिरोबाची आण घेतलेली.

काठी सासऱ्याची. सोनाजी तरणा असताना एका गोऱ्या साहेबासंगं कयाधू नदीवर मासे धरायला जायचा. मुलूख सोडताना साहेब ही गळाची काठी त्याला देऊन गेला. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली, एकमेकांत बसणारे दोन तुकडे. वाटणीच्या दिवशी मेंढरं, भांडी, घोंगड्या बराबर वाटल्या, तशी काठीही वाटली. सिंधूबाई थोरली. तिनं मुठीचा जाडजूड तुकडा उचलला आणि बारका शेंडा भिकाबाईपुढं टाकला, "घे, दात कोरायला व्हईल." तिथून बोलणं बंद.

पण हिंगोलीचा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या साली लांडग्यानं मेंढवाड्याचं काटेरी कुंपण पुन्हा पुन्हा फोडलं. दगडी भिंत घातली नाही तर होळीपर्यंत कळप उरणार नव्हता. भिंतीच्या पैशासाठी तिनं काठी विकायला काढली.

"चला पाहुणे," सिंधूबाई उठली. जावेच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. "भिके! शेंडा हाय का चुलीत घातला?"

"कोण म्हणायचं? आवाज तर वाटणीच्या दिवशी ऐकलेला वाटून राहिला."

भिकाबाई आत गेली ती लवकर येईना. सिंधूबाई मनाशी म्हणाली, कोंबड्या हाकून मोडला असंल. मिरच्या वाळवल्या असतील त्यावर.

भिकाबाई आली. जुन्या लुगड्याच्या गुंडाळीतून शेंडा निघाला, सरळ, अख्खा, हळदीनं पिवळा. दर दसऱ्याला विळ्या-कातरीसंगं ती त्याची पूजा करायची.

व्यापारी शेंड्यावर वाकला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "मुठीचा तुकडा कारागीर नवा करतो. असा शेंडा न्हाई करता येत." तो भिकाबाईकडं वळला. "एकटा देता? दहा हजार."

"आन दोन्ही मिळून?" सिंधूबाईनं विचारलं.

"पंधरा."

"ऐकलंत अक्का?" भिकाबाई म्हणाली. "दात कोरायची काडी म्हणं दहा हजाराची."

सिंधूबाईचे कान तापले. विनवणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं.

"विक," ती म्हणाली. "भिंत घाल तुज्या वाड्याला. मग तिला टकरा देऊन लांडगा माज्याच कळपात शिरंल, ते बघायला तेवढी ये."

मागल्या महिन्यात भिकाबाईचाही मेंढा लांडग्यानं नेलेला.

"दादा," ती व्यापाऱ्याला म्हणाली, "शेंडा एकटा न्हाई जायचा. जोडा."

नळी खट्‌कन बसली. काठी एवढी लांब झाली की मूठ बाहेर सिंधूबाईच्या हातात आणि शेंडा आत भिकाबाईच्या.

"पंधरा," व्यापारी म्हणाला.

"अठरा!" दोघी एकदमच.

त्यानं दोघींच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाकीट काढलं.

"भिंत एकच घालू, दोन्ही वाडे मिळून," भिकाबाई म्हणाली. "दार माज्या बाजूनं."

"काहून? मूठ माजी हाय."

"शेंडा माजा हाय. आन अक्का, पाय कुठं पडला बघा तुमचा."

सिंधूबाईनं खाली पाहिलं. उजवा पाय उंबऱ्याच्या आत.

"हाय तिथं हाय," ती म्हणाली. "तू दाराचं बोल."