कै. लावण्याआधी

कॉलेजच्या श्रेया मॅडमचा सकाळपासून हा तिसरा फोन. "स्नेहलताई, तो फॉर्म भरला का?" आमच्या ओतूरच्या कॉलेजात शनिवारी 'करिअरचं नियोजन' असा कार्यक्रम आहे आणि पाहुणी कोण, तर मी! पुनमचंदशेठच्या छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणारी बाई. फॉर्ममधला पहिलाच प्रश्न: आपण हे क्षेत्र का निवडलं?

अहो, निवडतंय कोण! एकोणीस वर्षांपूर्वी मी तलाठ्याच्या परीक्षेचा अर्ज टाईप करून घ्यायला इथं आले होते. शेठचा ऑपरेटर नेमका त्याच दिवशी काम सोडून गेलेला. शेठ म्हणाले, "बाई, आजच्या दिवस तेवढी एक पत्रिका टाईप करून दे." तो आजचा दिवस अजून संपलेला नाही. अर्ज कुठं गेला ते देवाला ठाऊक.

आणि शिकले काय म्हणाल, तर श्री., सौ., चि., गं. भा. आणि कै. एवढ्यावरच माझं सगळं करिअर. दीडशे नावांची यादी येते, पणजोबापासून किलबिलीतल्या रांगत्या पोरापर्यंत. एक नाव खाली गेलं की भाऊबंद लग्नाला येत नाहीत आणि खापर कोणावर? टाईप करणाऱ्या बाईवर. पहिल्याच वर्षी मी चिमाजीआप्पांच्या नावाआधी कै. लावलं. वरच्या ओळीतले त्यांचे थोरले भाऊ कै. होते, त्याच झोकात हात गेला. आप्पा पत्रिका घेऊन स्वतः दारात उभे. "पोरी, मला जाळला कवा तेवढं सांग. मी पन आलो असतो." शेठ मागून कुजबुजले, "चूक माझी म्हण आणि मोकळी हो." म्हटलं. आप्पा चहा पिऊन गेले.

तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या. कै. लावण्याआधी "नक्की ना?" असं विचारायचं. आणि कुणाचंही काही चुकलं तरी चूक माझी. आता हे काय पोरांना फळ्यावर लिहून दाखवू?

तर फॉर्म समोर तसाच पडलेला, आणि हौशीरामभाऊ आत आले. मुलीचं, हर्षालीचं लग्न. कार्यालय ओझरला. वर 'श्री विघ्नहर प्रसन्न', खाली नावांची फौज. सगळं सांगून झालं आणि वधूच्या आईबापाच्या ओळीपाशी भाऊ घुटमळले.

"तिथं लिवा, कै. कुशाबाई."

माझा हात थांबला. लोणी माझं माहेर, आणि कुशाबाईचंही तेच. दहा वर्षांपूर्वी नवऱ्याशी भांडून ती तिकडे आली, पिठाची गिरणी टाकली आणि तिथंच राहिली. गेल्या दिवाळीत चकलीची भाजणी मी तिच्याकडूनच दळून आणली. मेलेल्या बाईनं मला "जाड दळू का बारीक" विचारलं होतं!

"भाऊ, नक्की ना?"

भाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "सोयरीक जमवताना बोलून बसलो, पोरीला आई न्हाई म्हनून. आता छापलं न्हाई तर खोटा पडन. आन तसं बी माझ्यासाठी ती गेल्यालीच हाय."

"एकदा तरी न्यायला गेला होतात का?"

"मी कशाला जाऊ? गेली तिच्या पायानं, यावं तिच्या पायानं."

डोकंच फिरलं माझं. दहा वर्षं, राव! इकडे हा टोपी सारखी करत बसलाय, तिकडे ती "न्यायला येऊ दे त्यांना" म्हणत दळणं दळतेय. आणि आई धडधाकट असताना पोरगी तिच्याशिवाय बोहल्यावर चढणार, ते छापायचं मी! 'मी छापणार नाही' हे शब्द अगदी ओठावर आले होते. पण हा उठून दुसऱ्या छापखान्यात जाईल, हेही कळत होतं. म्हणून गपगुमान टाईप केलं, प्रूफ काढलं आणि म्हणाले, "आमच्याकडे पद्धत आहे भाऊ, प्रूफवर सही नवरीची लागते. बोलवा हर्षालीला."

अशी काही पद्धत नव्हती. ती त्या दिवशी पडली.

हर्षाली अर्ध्या तासात आली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. आईच्या नावापाशी बोट थांबलं, ते हलेचना.

"ही चूक कुणी केली?"

हौशीरामभाऊ माझ्याकडे बघायला लागले.

"ताई, माझी आई जिती आहे. आज सकाळीच फोनवर बोलली. हिरवी साडी घेऊन ठेवलीय तिनं. कुणी बोलावलं नाही तर लांबून बघून जाईन म्हणाली." मग बापाकडे न बघता म्हणाली, "आणि सासरी, अमृतच्या घरी, सगळं माहितीय. मीच सांगितलं, पहिल्या दिवशी."

भाऊ खुर्चीत खचलेच. खोटं लपवायला एवढा आटापिटा, आणि सगळ्यांना खरं ठाऊक! मान वर होईना त्यांची. मला वाटलं, सांगावं पोरीला, हा तुझ्या बापाचा प्रताप म्हणून. जीभ शिवशिवत होती. पण पोरीसमोर उघडा पडलेला बाप आणखी हट्टाला पेटतो. एकोणीस वर्षं हेच तर बघतेय मी.

"चूक माझी गं," मी म्हणाले. "वरच्या ओळीत आजोबांना कै. होतं, त्या झोकात हात गेला. भाऊ, तुम्हीच सांगा, काय लावू?"

भाऊ स्क्रीनकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा, टाईप करायचंय."

"सौ. कुशाबाई लिवा म्हनलं ना!" भाऊ खेकसले आणि टोपी काढून त्या टोपीनंच डोळे पुसले.

हर्षालीनं सही केली आणि बाहेर जाऊन आधी फोन लावला. भाऊ उठता उठता म्हणाले, "लोणीची पत्रिका तुमीच टाका पोस्टानं. पत्ता तुमाला ठावं हाय."

"पोस्टानं पावण्यांना पाठवतात, भाऊ. घरच्या माणसाला हातानं द्यावी लागते."

भाऊ टोपी घालून दाराकडे वळले. पण दारात शेठ दिसल्यावर त्यांना कंठ फुटला. "शेठ, तुमची बाई लई चुकती बरं का! जित्या मानसाला कै. लावती!"

शेठ माझ्याकडे वळले. "चूक माझी," मी दात-ओठ खात म्हणाले. त्या फॉर्ममध्ये 'करिअरमधील चुका' या प्रश्नाला दोनच ओळी सोडल्यात. दोन ओळींत काय होतंय!

पायरी उतरलेले भाऊ परत आले. टेबलाशी वाकून हळूच विचारलं, "लोणीची यष्टी मंचरला बदलायची का ओ?"

"सासुरवाडी तुमची, आणि विचारताय मला!"

"दहा वर्षं झाली की. गाड्या बदलल्या असत्याल."

"मंचरलाच बदला," मी म्हणाले. "आणि येताना दोन तिकिटं काढा."