उतरलेली तार

अकोल्यात मोर्णेच्या काठी गोवर्धनची फुलांची बाग होती. बाप गेल्यापासून तो आणि त्याची आई गंगूबाई मिळून ती सांभाळत. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि कापसामागे गोरे साहेबही अकोल्यात येऊन राहिले. त्यांच्या बंगल्यांना रोज फुलं लागायची. अशाच एका बंगल्याच्या व्हरांड्यात गोवर्धनने पहिल्यांदा फिडल, म्हणजे साहेबांचं व्हायोलिन, ऐकली. टोपली खाली ठेवून तो वाजणं थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

वाजवत होते कायतान मेस्त्री. गोव्याचे ख्रिस्ती, साठीकडे झुकलेले; तिकडे वाद्य शिकवणाऱ्याला मेस्त्री म्हणत. मुंबईच्या बँडात उमेदीची सारी वर्षं घालवून साहेबाबरोबर इकडे आलेले. त्यांचा जोडीदार पटकीने गेला होता आणि दोन फिडलींचं वाजवणं एकट्याने होत नाही. रोज व्हरांड्यापाशी रेंगाळणाऱ्या ह्या तिशीतल्या माळ्याचे हात त्यांनी एकदा उलटसुलट करून पाहिले.

"हार गुंफणारी बोटं आहेत," ते म्हणाले. "बस. बघू या."

गंगूबाईला हे मुळीच रुचलं नाही. फिडलीची तार मेंढीच्या आतड्याची असते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"काहून रे, आतड्याले हात लावतं अन् त्याच हातानं देवाचे हार गुंफतं?"

गोवर्धन विहिरीवर आंघोळ करून मग फुलांना हात लावू लागला, पण शिकणं त्याने सोडलं नाही.

मेस्त्री कडक होते. सूर केसाएवढा हलला तरी त्यांच्या हातातली काडी बोटांवर बसायची. पहिल्या वर्षात गोवर्धनची बोटं सुजलेलीच असत. दुसऱ्या वर्षी मार कमी झाला. आणि त्या हिवाळ्यात तो पार थांबला. आपल्याला विद्या आली, ह्या आनंदात गोवर्धन काही दिवस हवेतच होता. मग एक दिवस त्याने मागून हाक मारली. मेस्त्रींनी मान वळवली नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी धड्यात त्याने एक सूर मुद्दाम खाली लावला. बोट जागेवरून किंचितच सरकवलं, डोळ्यांना कळू नये इतकं. मेस्त्री त्याच्या बोटांकडे टक लावून पाहत होते.

"बरं," ते म्हणाले. "पुढं."

गोवर्धन पुढचं वाजवू लागला. बोललो तर मेस्त्रींची रोजी जाईल आणि आपलं शिकणंही तिथेच थांबेल, हे त्याला दिसत होतं.

चैत्रात अमरावतीहून बोलावणं आलं. उत्तमराव म्हणून तिथे कापसाचे मोठे व्यापारी होते. वाफेवर सरकी काढायचं यंत्र त्यांनी नवंच बसवलं होतं आणि त्यासाठी साहेब लोकांना जेवण होतं. वाजवणं पसंत पडलं तर साहेबांच्या मेजवान्यांना कायमची जोडी ठेवणार होते. अकोल्याच्या साहेबाने दोघांना बैलांच्या रेंगीत बसवून पाठवून दिलं. वाटभर गोवर्धन शब्द जुळवत होता. मूर्तिजापूर मागे पडलं, बडनेरा आलं, तरी तोंड उघडलं नाही. अमरावतीची वेस दिसली तेव्हा मेस्त्रीच म्हणाले, "पुढचं मी वाजवतो, मागचं तू. माझ्यावरनं नजर काढू नकोस."

मांडव रुईच्या गाठींच्या गंजीला लागून होता. दिवस मावळायचा होता, तरी हवा तव्यासारखी तापलेली. अशा कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंट्या ढिल्या पडतात, हे गोवर्धनला ठाऊक होतं. मेस्त्रींनी तारा लावताना फिडल जबड्याशी घट्ट दाबून धरली होती. सूर बरोबर लागले. गोवर्धनने श्वास सोडला.

पहिली चीज निभावली. पुढच्या रांगेत एक मड्डम बसली होती. ती स्वतः वाजवते, असं कुणीतरी बोललं होतं. तिच्याशेजारी उत्तमराव. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, ते मड्डमच्या चेहऱ्याकडे बघूनच मान डोलवत होते.

दुसऱ्या चिजेच्या मध्यावर मेस्त्रींची बारीक तार उतरली. खुंटी सरकलेली गोवर्धनने पाहिली. मेस्त्रींची बोटं अचूक जागी पडत होती, पण त्या तारेवरचा प्रत्येक सूर खाली कोसळत होता. मेस्त्री डोळे अर्धे मिटून, समाधानाने वाजवत होते.

मड्डमचा पंखा थांबला. उत्तमरावांची मानही थांबली.

आता एक लांब तान येणार होती, सबंध त्याच तारेवरची. गोवर्धनने गज उचलला आणि वाजवणं बंद केलं. मेस्त्रींना त्याचा थांबलेला हात दिसला. तेही थांबले. मांडवात कुजबुज सुरू झाली.

"माफी असावी," गोवर्धन मोठ्याने म्हणाला. "माही तार उतरली. मेस्त्रींच्या फिडलीवरून मिळवा लागते."

पाहुण्यांकडे पाठ करून त्याने मेस्त्रींच्या हातून फिडल घेतली, मांडीवर ठेवली, तार छेडली, खुंटी दाबून फिरवली. कुणीतरी हसलं. मेस्त्री त्याच्या हाताकडे पाहत होते. कोणाच्या फिडलीची खुंटी फिरतेय, हे त्यांना दिसलं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी फिडल परत घेतली. पण पुढची तान त्यांनी अशी काढली की मड्डमने पंखा मांडीवर ठेवून दिला.

वाजवणं संपल्यावर उत्तमराव दोघांपाशी आले.

"मेस्त्री, तुमी राहा. मड्डम खुश हाय. हा माळी मात्र सकाळी वापस जाईन. साऱ्या सायबायसमोर माही शोभा केली यानं."

गोवर्धन खाली मान घालून उभा राहिला. मेस्त्री उत्तमरावांच्या ओठांकडे बघत होते.

"तार माझी उतरली होती," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. दिवाळीपासून."

उत्तमराव आणखी जवळ सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बहिऱ्याले वाजवाले बोलावलं म्हनून गाव हासन मले. दोघंबी निंगा."

सकाळी बडनेऱ्यापाशी गाडीवानाने बैल सोडले. दोघे लिंबाखाली बसले.

"काहून सांगतलं तुमी?" गोवर्धनचा राग उफाळून आला. "मी घेतलं होतं ना अंगावर."

मेस्त्रींनी ऐकलं नाही. त्याला समोर बसून, सावकाश, पुन्हा बोलावं लागलं.

"तुला कळलं कधी?"

"माघात. मी मुद्दाम चुकीचं वाजवलं होतं."

"आणि बोलला नाहीस? इतके दिवस मला फसवलंस?"

"तुमी बी मले फसवलं," गोवर्धन म्हणाला. "चुकीच्या सुराले बरं म्हनलं. मी खोटं शिकून राहिलो होतो."

मेस्त्रींनी तोंड फिरवलं. उठून निघून जातील, असं गोवर्धनला वाटलं. पण ते सरकून जवळ आले.

"वाजव," ते म्हणाले.

गोवर्धनने फिडल खांद्याला लावली. मेस्त्री पुढे वाकले आणि फिडलीचं वळलेलं डोकं त्यांनी हलकेच दातांत धरलं. गोवर्धनने गज ओढला. मेस्त्रींनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने त्यांनी तोंड बाजूला घेतलं. "असं केलं की हाडातून येतं सगळं. लाज वाटायची, म्हणून कुणापुढे केलं नाही." त्यांनी ओठ पुसले. "तुझा मधला सूर खाली जातोय. हिवाळ्यात खराब झालाय. पुन्हा शिकावा लागेल."

अमरावतीची बातमी त्यांच्या आधी अकोल्यात पोचली होती. साहेबाने मेस्त्रींना खोली रिकामी करायला सांगितली. गोवर्धनने त्यांची पेटी डोक्यावर घेतली आणि बागेतल्या झोपडीत आणून ठेवली. गंगूबाई आठवडाभर मुलाशी बोलली नाही, पण दोन वेळची भाकर झोपडीच्या दाराशी ठेवत राहिली.

पावसाळाभर शिकवणी चालली. दसऱ्याला एका पारशी दुकानदाराने दोघांना वाजवायला बोलावलं. जायच्या आधी मेस्त्रींनी स्वतःची फिडल गोवर्धनपुढे धरली.

"तारा तू लाव," ते म्हणाले. "आणि पुढचं तू वाजव. मागचं मी बघतो."