निखाऱ्यावरचा पीळ

सकाळी मी दवाखान्याच्या गाडीचे तेलपाणी तपासले, काच पुसली आणि डायलिसिसच्या रुग्णांना घ्यायला निघाले. डल्सी आंटीच्या दारी भोंगा वाजवला. दार उघडले नाही. मागची फेरीही तिने चुकवली होती. मी तिला शोधायला निघाले.

ती सापडली आमच्या बारका नावाच्या नदीच्या काठी. अर्धे गाव शेकोटीभोवती जमले होते आणि मध्ये शहरातून आलेला क्लाइव्ह उभा होता. तो स्वतःला वाऱ्याचा वैद्य म्हणवी. रुग्णाचे नाव घेऊन तो आमच्या पूर्वजांचे बूमरँग फेकी. परतले तर रोग वाऱ्याबरोबर गेला. न परतले तर रुग्णाने पुन्हा यायचे. आंटीच्या नावाचे नुकतेच परतले होते, आणि लोक अजून आभाळाकडे पाहत होते.

तिच्या पायांवरची सूज मला लांबूनच दिसली.

“तू जा नोरीन,” ती धापा टाकत म्हणाली. “किडनी बरी झाली माझी. आता मशीन नको.”

शंकेने वारा रुसतो, असे क्लाइव्हने मला बजावले. मग पुढच्या रुग्णासाठी बूमरँग निखाऱ्यावर धरून, पूर्वजांची ऊब म्हणत, तो ते कुरवाळू लागला. असे शेकणे आमच्या घराघरातले. हा परका आमच्या आजोबांचा मान राखतो आहे, एवढेच सगळ्यांना दिसले. पाती दाबणाऱ्या त्याच्या हातांच्या अंगठ्यांकडे कोणी पाहिले नाही. आजोबा शेकत ते लाकूड नरमावे आणि पात्यांना पीळ देता यावा म्हणून.

मी हात पुढे केला. “द्या इकडं. काठावरच्या त्या वाळक्या झाडासाठी फेकते.”

हे फक्त आजाऱ्यांसाठी असते, असे तो म्हणाला.

“मेलंय ते,” म्हातारा व्हर्नन म्हणाला. “याहून आजारी कोण असणार, बाबा?”

लोक हसले. त्याला बूमरँग द्यावेच लागले. मी पात्यांच्या पुढच्या कडा किंचित वर पिळल्या आणि वाऱ्याला तिरपे फेकले. ते गोल वळून माझ्या पायाशी उतरले. पुन्हा शेकले, कडा खाली दाबल्या, तसेच फेकले. ते सरळ जाऊन लव्हाळ्यात पडले.

“आंटी, परत येणं न येणं या पिळावर आहे. तुझा आजार किडनीत आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. स्वतः हात लावून बघ.”

व्हर्ननने बूमरँग शोधून आणले. आंटीने डोळे मिटून पात्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या पात्यावरून. क्लाइव्ह बोलतच होता.

मग तिने ते वाळूत ठेवले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन गाडीपर्यंत चालत आली, आत बसली आणि स्वतःच पट्टा लावला.