फुकटची खुर्ची

घरात त्यांना सगळे बचतराव म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. बाटल्या भरणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कंपनी त्यांना देशोदेशी पाठवायची आणि प्रवासाची ठरलेली रक्कम आधीच हातावर ठेवायची. त्यातून उरेल ते त्यांचं. मग काय, उरवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी राहिलं नाही. चार नातेवाईक जमले की त्यांच्याभोवती कोंडाळं व्हायचं आणि बचतराव सल्ले वाटत बसायचे. जाड कपडे बॅगेत भरू नयेत, अंगावर चढवावेत. बॅगेत माग सांगणारी चकती टाकावी, म्हणजे बॅग कुठेही गेली तरी फोनवर तिचा ठिपका दिसतो. आणि दोघांची तिकिटं कधीही एकदम काढू नयेत. "स्वस्तातली एकच जागा उरली असली, तर दोन मागितल्यावर दोन्ही महाग मिळतात. एकेक काढावं," असं ते सांगत, आणि ऐकणारे माना डोलवत. सोबत म्हातारं माणूस असलं तर काय करायचं, हे मात्र त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनाही कधी सुचलं नाही.

यावेळी सोबत आई होती. बचतरावांची थोरली बहीण, ताई, परदेशात राहायची. आईने तिला कित्येक वर्षांत प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, म्हणून बचतराव आईला तिच्याकडे पोचवायला निघाले होते. आईला मधुमेह. इन्सुलिन घेतल्यावर खाणं लांबलं की साखर उतरायची, हातपाय थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एरवी बाई ठणठणीत, जिने चढताना लेकाच्या पुढे. तरीही बचतरावांनी तिच्यासाठी व्हीलचेअर सांगितली. ती फुकट मिळते, रांगेत ताटकळावं लागत नाही आणि खुर्चीवरच्या माणसाच्या मांडीवरची बॅग सहसा कोणी तोलत नाही. त्या बॅगेत आईची औषधं, बिस्किटं, पासपोर्ट आणि फोन होता. त्यांच्या जोडीला बचतरावांनी आपलं वीज तपासायचं मीटर, वायरींची भेंडोळी आणि विटेएवढी पॉवर बँक कोंबली होती.

"कोणाच्या देखत उठायचं नाही," त्यांनी घरून निघताना आईला बजावलं होतं. "आणि विचारलं तर आपण एकत्र नाही. माझं सामान तुझ्या मांडीवर आहे हे कळलं तर पैसे मागतील."

"खोटं बोलू?"

"बोलायचं कुठे? नुसती मान हलवायची."

पहिला विमानप्रवास सुरळीत झाला. जागा निवडायचे पैसे वाचवल्यामुळे आई पुढे आणि बचतराव थेट शेपटाशी होते एवढंच. विमान बदलायच्या ठिकाणी उतरल्यावर खुर्ची ढकलणारा माणूस आईला बॅटरीच्या गाडीकडे घेऊन गेला. बचतराव मागोमाग गेले, तेव्हा त्या माणसाने त्यांच्याकडे बोट केलं, मग आईकडे केलं आणि भुवया उंचावल्या. आईने ठामपणे मान हलवली. गाडीत फक्त सोबतच्या माणसाला जागा होती, तेव्हा बचतराव खालीच राहिले. आई तयारीची निघाली, असं वाटून त्यांना तर हसूच आलं. पुढच्या विमानाच्या दारापाशी ती भेटणारच होती.

ते चालत तिथे पोचले. आई तिथे नव्हती.

येईल इतक्यात, म्हणून ते बसले. पण बसवेना. माणसं येत होती, खुर्च्या भरत होत्या, आणि व्हीलचेअरवरून दोन-तीन भलतेच म्हातारे येऊन पोचले. बचतराव उठून उभे राहिले. त्यांनी फोन लावला, तर आईचा फोन बंद. बॅटरी उगाच उतरू नये म्हणून त्यांनीच तो बंद करून ठेवायला सांगितला होता. मग त्यांना आईच्या बॅगेत टाकलेल्या चकतीची आठवण झाली. फोनवर ठिपका दिसला, इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. ठिपका आहे म्हणजे आई आहे, असं स्वतःला बजावत ते पळत सुटले. अंगावर एकावर एक तीन जाकिटं, घामाने चिंब, लोक वळून बघत होते.

ठिपक्यापाशी पोचले आणि थबकले. व्हीलचेअरवाल्यांच्या बैठकीच्या दारात पिवळी फीत बांधली होती. आतली माणसं बाहेर काढली होती. मध्ये एकच खुर्ची, तिच्यावर आईची बॅग, आणि बॅगेपासून लांब उभे राहिलेले दोन पहारेकरी. आई नव्हती.

"ती बॅग माझ्या आईची आहे," बचतराव फीत ओलांडू लागले. गणवेशातल्या अधिकारीबाईंनी त्यांना दंडाला धरून मागे घेतलं.

"आई कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"तेच तर मी विचारतोय."

"आत वायरी दिसताहेत. त्या आईच्या?"

"माझ्या. मी यंत्रांचा मेकॅनिक आहे. बाई, तिची औषधं आत आहेत, खायचंही आत आहे. तिने सकाळी इन्सुलिन घेतलंय आणि तिला इथली भाषा येत नाही. आधी तिला शोधा."

बाईंनी हातातल्या यंत्रावर बघितलं. त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही. "या प्रवासी बाई एकट्या आहेत. तिकीट एकटीचं. सोबत कोणी आहे का विचारल्यावर त्यांनी नाही सांगितल्याचं इथे लिहिलंय. तुम्ही कोण?"

"तिचा मुलगा," बचतराव म्हणाले. आईचा पासपोर्ट त्या बॅगेत, आणि बॅगेला हात लावायची सोय नाही. आपण तिचा मुलगा आहोत याचा पुरावा काय दाखवणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते त्यांना आता कळलं, पण कळून काय उपयोग होता?

"त्यांना चालता येत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "म्हणजे त्यांना इथून कोणीतरी उचलून नेलंय. खुर्ची टाकून, बॅग टाकून. आमची माणसं लिफ्ट आणि गाड्या तपासताहेत. तुम्ही इथेच थांबायचं."

सगळे एका न चालणाऱ्या बाईला शोधत होते, आणि अशी बाई या जगातच नव्हती. बचतरावांची आई आपल्या पायांनी या गर्दीत कुठेतरी भरकटत होती, आणि एव्हाना तिचे पाय लटपटायला लागले असणार. खरं बोललं तर काय होईल, हा हिशेबसुद्धा त्यांच्या डोक्यात क्षणभर येऊन गेला. सवय होती ना. त्या क्षणाची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली.

"ती चालते," ते म्हणाले.

"काय?"

"चांगली चालते. खुर्ची मी खोटंच सांगून घेतली. सोबत कोणी नाही असं सांगायलाही मीच शिकवलं. चालणारी म्हातारी शोधा, बाई. करडी शाल, पांढरे केस. पाया पडतो तुमच्या."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. मग त्या कोणाशी तरी भराभर बोलल्या. कॅमेऱ्यात आई लगेच सापडली. खुर्ची ढकलणारा दुसऱ्या कोणाला आणायला गेला, तसं तिने इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहत नाही अशी खात्री केली, जड बॅग खुर्चीवर ठेवली आणि ती स्वच्छतागृहात गेली. बाहेर आली ती उलट्या दिशेला वळली. पुढे ती भिंतीला धरून चालताना दिसत होती, आणि एका वळणानंतर दिसेनाशी झाली होती.

त्या वळणापर्यंत बचतराव बाईंच्या मागून धावले. वाटेत दिसेल त्या बाकाकडे ते भीतभीतच बघत होते. कुठे माणसं घोळका करून उभी दिसली की ते टाचा उंचावून आत डोकावायचे. देवाला त्यांनी आजवर कधी काही फारसं मागितलं नव्हतं. आता ते तोंडाने पुटपुटत होते, आणि काय पुटपुटतोय हेही त्यांना कळत नव्हतं.

वळणापलीकडे सफाईवाल्यांची खोली होती. दार उघडं होतं. आत आई पालथ्या बादलीवर बसली होती, पांढरीफटक, कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरत होते. एक सफाईवाली बाई तिच्यापुढे गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या ओठांशी कप धरून होती. आईने तोंड घट्ट मिटलं होतं.

"साखरेचं पाणी आहे," सफाईवाली काकुळतीने अधिकारीबाईंना म्हणाली. "माझ्या नवऱ्यालाही हाच त्रास आहे, बघताक्षणी ओळखलं मी. पण ह्या घेतच नाहीत. कप पुढे केला की मान हलवतात."

"आई, पी," बचतराव तिच्याजवळ खाली बसले. आईने त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्यामागच्या गणवेशाकडे बघितलं आणि अनोळखी माणसाकडून वळवावं तसं तोंड वळवलं.

"आपण एकत्र आहोत, आई. मी सांगितलंय सगळ्यांना. आता पी."

तेव्हा कुठे तिने ओठ उघडले. कप दातांवर वाजत होता. बचतरावांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाजला. सफाईवालीने आणखी एक कप करून आणला, तोही पाजला. हळूहळू आईच्या हाताची थरथर कमी झाली. अधिकारीबाई दाराशी पाठ करून डॉक्टरला बोलावत होत्या.

आईने लेकाला खुणेने जवळ बोलावलं.

"ह्या बाईंना किती द्यायचे ते विचार," ती हळू आवाजात म्हणाली. "मी घेणारच नव्हते रे. इथे साध्या पाण्यालाही तिप्पट पैसे पडतात, तूच म्हणाला होतास."

"काही द्यायचे नाहीत, आई."

"आणि एवढी माणसं मला शोधत होती, त्यांचे?"

ती या बादलीवर बसल्या बसल्या गेली असती, पण लेकाला खर्चात पाडून तिने तो घोट घेतला नसता. आई सापडल्यावर भीती संपेल असं बचतरावांना वाटलं होतं. ती आत्ता खरी सुरू झाली होती. त्यांनी तिचा हात धरला, तो अजून गार होता.

"लपवू नकोस," आई म्हणाली. "जास्त झाले असतील तर माझं पुढचं तिकीट परत कर आणि त्यातून भागव. ताईला काय, मी फोनवरही बघते."