शेवटचा पाइप

"कंपनीचा इतिहास लिही. आम्हा दोघांना पटला, की कंपनी तुझी," असं बाबा आणि काका म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, एका पानाचं तर काम. कारखान्यांना पाइपलाइन घालून देणाऱ्यांचा इतिहास असून असून असणार किती?

आता ते पान या केबिनमधून त्या केबिनमध्ये फिरून मऊ पडलं होतं. घोडं पेंड खात होतं ते पहिल्याच कामापाशी. साबणाच्या कारखान्यात पाण्याची लांबलचक लाइन. दोघे भाऊ दोन टोकांकडून पाइप जोडत आले आणि मधला शेवटचा पाइप काही केल्या बसेना. दोन बोटं जागा कमी. दर जोडात रबराची चकती बसते. पाइप कापताना बाबांनी तिची जाडी वजा केली होती, काकांनी नव्हती.

"लिही, काकाची चूक," बाबा म्हणाले.

"चकती आवळली की दबते. तिची कसली जाडी धरायची?" काका म्हणाले. "लिही, तुझ्या बापाने आधी सांगायला हवं होतं."

"काका, मी 'अडचणीवर मात करून' एवढंच लिहिते."

"म्हणजे अडचण मी?"

तिने कपाळाला हात लावला. दोघांचा डबा एका घरून येतो, दोघे एका गाडीने परत जातात, आणि डोकेदुखी मात्र तिची.

तेवढ्यात फोरमन आला. "ताई, दुधाच्या प्लांटवर लाइन बसत नाहीये. शेवटचा पाइप जास्त भरतोय."

"एका टोकाला कोणाची माणसं होती?"

"मोठ्या साहेबांची."

"आणि दुसऱ्या?"

फोरमन छताकडे बघायला लागला.

निम्मे फिटर बाबांच्या हाताखाली शिकलेले, निम्मे काकांच्या. घरातल्या गळक्या नळासारखं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि गळका नळ जसा राहतो तसंच ते राहिलं होतं. ती तरातरा शेडमध्ये गेली. दोन पाइपांत चकती घालून बोल्ट आवळायला लावले आणि स्वतः वाकून माप घेतलं.

"आजपासून आवळल्यावर उरते तेवढी जाडी धरायची. पूर्ण नाही आणि शून्यही नाही. त्या मापाने नवा पाइप कापा."

"साहेबांना विचारलं?"

"कोणत्या?"

फोरमन कटर चालू करायला गेला.

संध्याकाळी दोघे तिच्या टेबलासमोर उभे.

"माझी पद्धत अर्धी मोडलीस," बाबा म्हणाले.

"माझी तर सगळीच," काका म्हणाले. "आणि इतिहासावर आमची सही अजून झालेली नाही."

"होईल तेव्हा होऊ दे. मी पाइप घेऊन साइटवर निघाले."

"गाडी नेणार? मग आम्ही घरी कसं जायचं?"

"चालत," ती म्हणाली. "वाटेत भांडायला वेळही मिळेल."