चार पूर्णांक दोन

तीनशे बारा ओळी काढून टाकल्याचा आनंद मला सकाळी अकरापर्यंत पुरला.

त्या ओळी रक्तपेढीच्या प्रोग्रॅममधल्या. रक्तपेढीत पाच फ्रिज आहेत आणि प्रत्येकात एक सेन्सर. प्रोग्रॅम आळीपाळीने एकेकाला तापमान विचारतो आणि आलेला आकडा पडद्यावर दाखवतो. आकडा सहाच्या वर गेला किंवा सेन्सरने उत्तरच दिलं नाही, तर भोंगा वाजतो. आमच्या निवृत्त झालेल्या साहेबांनी तो वीसेक वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिला होता. तेव्हा तो चार जातींच्या कॉम्प्युटर-यंत्रांवर चालवावा लागे, आणि सिग्नलच्या बाबतीत त्या चौघांची तोंडं चार दिशांना. सिग्नल म्हणजे कामात गुंतलेल्या प्रोग्रॅमच्या खांद्यावर मारलेली थाप. थाप बसल्यावर काय करायचं, हे काही यंत्रांना एकदा सांगून पुरे. काहींना दर वेळी नव्याने सांगावं लागे. म्हणून पानापानावर ‘हे यंत्र असेल तर असं, ते असेल तर तसं’.

चारपैकी तीन यंत्रं कधीच भंगारात गेली. नवे साहेब म्हणाले, जळमटं काढा. मी काढली, सगळीकडे एकच नवी पद्धत ठेवली, टेबलावर पाच सेन्सर जोडून तीन दिवस चालवून पाहिलं, आणि आज साडेआठला ऑफिसातूनच नवा प्रोग्रॅम रक्तपेढीत चालू केला.

माझी धाकटी नणंद तिथे तंत्रज्ञ आहे. घरी सगळे तिला मिरची म्हणतात. का ते तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं. अकराला तिचा फोन आला तो सासूबाईंच्या चष्म्यासाठी. दुकानातून कोणी आणायचा यावर आमचं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, “तुझा प्रोग्रॅम गुणी निघाला हं वहिनी. आधी आकडे माकडासारखे उड्या मारायचे. आज एक नंबरचा फ्रिज सकाळपासून चार पूर्णांक दोन. जागचा हलत नाही.”

मी हसून फोन ठेवला. हात मात्र फोनवरच राहिला.

कॉलेजात प्रयोगशाळेच्या बाई एकच आकडा पाच वेळा लिहिलेली वही परत करायच्या. हे मोजलेलं नाही, नुसतं लिहिलेलं आहे, असं म्हणायच्या. ज्या फ्रिजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, त्याचं तापमान अडीच तास जागचं हलत नाही?

मी कोड उघडला. जुन्या साहेबांनी प्रत्येक प्रश्नाआधी पाच सेकंदांचा गजर लावला होता. तेवढ्यात उत्तर आलं नाही की थाप बसायची, आणि प्रोग्रॅम वाट पाहणं सोडून पुढच्या सेन्सरकडे जायचा. नव्या पद्धतीत आपल्याला सांगावं लागतं, थापेनंतर अडलेलं काम सोडायचं की पुन्हा धरायचं. मी ‘पुन्हा धर’ असं सांगितलं होतं, हाताच्या सवयीने. बहुतेक ठिकाणी तेच बरोबर असतं. इथे त्याचा अर्थ असा, की एखादा सेन्सर गप्प झाला तर प्रोग्रॅम थाप खाऊन परत त्याच्याच दारात बसून राहणार. भोंगा नाही, पुढचा प्रश्न नाही, पाचही आकडे गोठलेले. ‘सोड’ म्हणणारी साहेबांची ओळ मी भंगारातल्या यंत्राची समजून उडवली होती. माझ्या टेबलावरचे सेन्सर शहाण्या मुलांसारखे उत्तरं देत होते. न बोलणाऱ्याची चाचणी मी घेतलीच नव्हती.

मिरचीचा फोन दोनदा व्यस्त लागला. पाच फ्रिजांत दोनशे दहा पिशव्या होत्या. तापमान सहाच्या वर गेलं असेल तर त्या कुणालाच चढवता येणार नव्हत्या. आणि कळलं नसतं, तर चढवल्या गेल्या असत्या.

तिसऱ्यांदा तिने उचलला.

“पडद्याकडे बघू नकोस. एकेक फ्रिज उघड आणि आतल्या काचेच्या तापमापकावरची कमाल खूण वाच.”

तो तापमापक दिवसातलं सर्वांत जास्त तापमान धरून ठेवतो. रोज आठला त्याची खूण खाली आणायची, हा त्यांच्या डॉक्टरीणबाईंचा जुना नियम. कॉम्प्युटर आल्यापासून मिरची त्यावरून कुरकुरायची, पण खूण आणायची.

“विनाकारण दार उघडलं तर बाई मला कच्ची खातील.”

“विनाकारण नाही. चूक माझी आहे. वाच.”

तिने पुढे काही विचारलं नाही. चपलांचा आवाज, दाराचं रबर सुटल्याचा आवाज. एक, चार पूर्णांक आठ. दोन, साडेचार. तीनलाही साडेचार, पण मागची सेन्सरची वायर निघून पडली होती. सकाळी फरशी पुसताना ओढली गेली असावी. घोडं तिथे पेंड खात होतं. चार, पाच पूर्णांक एक. मग पाचव्या फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज.

“पाच पूर्णांक आठ. आणि आत्ताही तेवढंच आहे, म्हणजे अजून चढतंय, वहिनी.”

“मोटारीचा आवाज येतोय का?”

“नाही.”

पिशव्या दोन नंबरमध्ये हलव, असं मी म्हणेपर्यंत तिने फोन टेबलावर ठेवला होता. मला ट्रे आपटल्याचे आवाज येत होते आणि ती कुणाला तरी दरडावत होती. मी घड्याळाकडे बघत राहिले. सात मिनिटांनी ती परत आली.

“झालं. अडतीसच्या अडतीस. शेवटची हलवेपर्यंत खूण सहाच्या खालीच होती. बाईंना सांगितलंय.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, आमची वहिनी साफसफाई फार मन लावून करते.”

मी जुना प्रोग्रॅम तिथे परत चालू केला आणि स्वतःच नव्या साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, ती ओळ परत घाला आणि ती का आहे ते तिच्याच वर लिहून ठेवा.

दुपारी ती ओळ परत घालून टेबलावर पाच सेन्सर जोडले. तीन नंबरची वायर माझ्या हाताने उपटली आणि सेकंद मोजू लागले. चारपर्यंत काहीच झालं नाही. पाचला पडद्यावर ‘तीन: उत्तर नाही’ असं उमटलं, भोंगा कर्कश वाजला, आणि चार नंबरचा आकडा बदलला.

साहेब दारात आले. काय बिघडलं, म्हणाले.

“काही नाही,” मी म्हटलं, आणि चार नंबरची वायर उपटली.